संताचे चरित्र, बंडखोराची गाणी : हंगेरीचा रॉक ऑपेरा ‘इश्तवान, अ किराय’

बुडापेस्टच्या व्हारोशलिगेत या विस्तीर्ण उद्यानात एक टेकडी आहे. हिवाळ्यात मुले तिच्या उतारावर बर्फावरून घसरायला येतात. १८ ऑगस्ट १९८३ रोजी याच टेकडीवर हंगेरीच्या पहिल्या राजाचे, म्हणजेच त्या देशाच्या सर्वांत मोठ्या संताचे चरित्र इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि समूहगायनाच्या साथीने उभे राहिले. कलाकृतीचे नाव होते ‘इश्तवान, अ किराय’, म्हणजे ‘राजा इश्तवान’. इंग्रजी पुस्तकांत याच राजाला सेंट स्टीफन म्हणतात. त्या वर्षी हंगेरीत कम्युनिस्ट पक्षाची एकहाती सत्ता होती, देशात सोव्हिएत फौजा तळ ठोकून होत्या आणि चर्चला सरकारने आखून दिलेल्या मर्यादेतच वावरावे लागत होते. अशा देशात कॅथलिक संताच्या राज्यारोहणाचे नाटक उघड्यावर होते, त्याचे चित्रीकरण होते, ध्वनिमुद्रिका निघते आणि सरकारचे समर्थक व विरोधक दोघेही ‘हे आमचेच’ म्हणून ते डोक्यावर घेतात, हे कोडे वाटावे असेच आहे. माझ्या मते त्याचे बरेचसे उत्तर एका साध्या गोष्टीत आहे : नाटकाचे नाव आणि विजय संताच्या वाट्याला आले आहेत, पण सर्वांत पेटती गाणी त्याच्या शत्रूला दिलेली आहेत.

आधी या नाट्यप्रकाराविषयी थोडे. रॉक ऑपेरात गद्य संवाद जवळजवळ नसतात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे गाऊनच सांगितले जाते. मराठी संगीत नाटकात गद्य पुढे चालत राहते आणि भावना एका टोकाला पोचली की पद येते, त्यामुळे वादविवाद गद्यात आणि हृदय पदात अशी विभागणी आपोआप होते. रॉक ऑपेरात ही सोय नाही. वारसाहक्काचा तंटा असो, धर्मांतराची चर्चा असो किंवा लग्नाची बोलणी असोत, सगळ्याला चाल लावावी लागते. याचा परिणाम असा होतो की युक्तिवादाचे वजन शब्दांइतकेच चालीवर ठरते, आणि ज्याची चाल जिंकते त्याच्याकडे प्रेक्षक झुकतो, मग संहितेत तो हरत का असेना. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार १९६० च्या दशकाच्या अखेरीस, बहुधा आधी ध्वनिमुद्रिका आणि मग रंगमंच अशा क्रमाने रुळला. हंगेरीत १९७३ साली बुडापेस्टच्या व्हीगसिन्हाझ नाट्यगृहात एक रॉक संगीतिका गाजली होती, त्यामुळे गिटार आणि नाटक यांचे लग्न तिथल्या प्रेक्षकांना नवे नव्हते. राष्ट्राच्या संस्थापकाला गिटारच्या साथीने गाताना मात्र त्यांनी पाहिले नव्हते.

आता कथेमागचा इतिहास. दहाव्या शतकाच्या अखेरीस मॉद्यार, म्हणजे हंगेरियन, टोळ्यांचा मुख्य सरदार गेझा याने आपल्या मुलाला ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली आणि बव्हेरियाच्या राजघराण्यातल्या गिझेल्लाशी त्याचे लग्न लावले. मुलाचे मूळचे नाव वाइक, बाप्तिस्म्यानंतरचे इश्तवान. ९९७ मध्ये गेझा वारला आणि वारसा कोणाचा हा प्रश्न उभा राहिला. मॉद्यारांच्या जुन्या रीतीप्रमाणे सत्ता घराण्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या पुरुषाकडे जायची आणि मृताच्या विधवेशी लग्न करून तो आपला हक्क पक्का करायचा. या न्यायाने शोमोद्य प्रांताचा सरदार कोप्पान्य पुढे आला आणि त्याने गेझाची विधवा, म्हणजे इश्तवानची आई शारोल्त, हिला मागणी घातली. नव्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे वारसा थोरल्या मुलाचा होता, आणि मृत पतीच्या नातलगाशी लग्न हे पाप होते. म्हणजे हा नुसता दोन माणसांचा झगडा नव्हता. कायद्याच्या दोन पद्धती एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि आपापल्या पद्धतीनुसार दोघांचेही म्हणणे बरोबर होते. नाटककाराला याहून चांगला विषय मिळणे कठीण.

वेस्प्रेमजवळच्या लढाईत इश्तवानच्या बाजूने जर्मन सरदार लढले. त्यांच्यापैकी वेत्सेलिन याने कोप्पान्यला ठार मारले, असे जुन्या बखरी सांगतात. त्याच्या प्रेताचे चार तुकडे करून ते वेस्प्रेम, द्योर, एस्तेरगोम आणि ट्रान्सिल्व्हेनियातील द्युलाफेहेरवार येथे वेशींवर टांगण्यात आले. त्यानंतर १००० सालचा नाताळ किंवा १००१ चा पहिला दिवस, या सुमारास इश्तवानचा राज्याभिषेक झाला. मुकुट पोप दुसरा सिल्व्हेस्टर याने पाठवला, अशी परंपरा आहे.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर संत म्हटले की वीणा, टाळ, कीर्तन, फार तर सत्ताधाऱ्यांनी केलेला छळ येतो. आपल्या रंगभूमीवरची संतचरित्रेही बहुतेक छळ सोसणाऱ्यांची आहेत. युरोपातल्या मध्ययुगीन राजसंतांची जात निराळी आहे. त्यांनी लढाया केल्या, कायदे केले, मठ आणि धर्मप्रांत स्थापन केले आणि त्यांची पवित्रता राज्य उभारण्याच्या कामातून मोजली गेली. इश्तवान १०३८ मध्ये वारला आणि १०८३ साली राजा लास्लो याच्या पुढाकाराने त्याला संतपद मिळाले. हा सोहळासुद्धा राजकारणातून सुटलेला नव्हता. नंतर लिहिल्या गेलेल्या चरित्रात अशी कथा आहे की लोक तीन दिवस उपास करत होते तरी सेकेशफेहेरवार येथील थडग्यावरची शिळा हलेना. लास्लोने आपल्या कैदेत ठेवलेला प्रतिस्पर्धी शालामोन याला सोडल्यावर मगच ती उचलली गेली. संताच्या थडग्यालाही राजकीय मत असू शकते, हे हंगेरीच्या लोकांना नऊशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते म्हणायचे. १९८३ हे वर्ष याच घटनेच्या नवव्या शताब्दीचे होते.

ही कलाकृती घडवणारी जोडी म्हणजे संगीतकार लेव्हेंते सोरेन्यी आणि गीतकार यानोश ब्रोदी. १९६० च्या दशकात हंगेरीच्या तरुणांवर राज्य करणाऱ्या ‘इल्लेश’ या बीट बँडमधले हे दोघे. हंगेरियन लोकगीतांचे वळण गिटारच्या संगीतात आणणे आणि निरुपद्रवी वाटणाऱ्या ओळींत राजकीय टोमणा लपवणे या दोन गोष्टींसाठी हा बँड ओळखला जायचा. १९७० मध्ये लंडनला गेले असताना बीबीसीच्या हंगेरियन विभागाला दिलेल्या मुलाखतीवरून त्यांच्यावर सरकारची मर्जी खप्पा झाली आणि त्यांना काही काळ बाजूला सारण्यात आले. १९८१ मध्ये हा बँड एका मैफलीपुरता पुन्हा एकत्र आला आणि त्यावर गाबोर कोल्ताई याने माहितीपट केला. टेकडीवरच्या प्रयोगाचा आणि त्यावरून १९८४ मध्ये आलेल्या चित्रपटाचा दिग्दर्शकही तोच. कथेचा आधार होता मिक्लोश बोल्दिझार यांचे एक गद्य नाटक, ज्यात या दोन वारसदारांचा संघर्ष आधीच मांडलेला होता.

ऑपेराचे चार भाग आहेत : ‘वारसा’, ‘एस्तेरगोम’, ‘सरदार कोप्पान्य’ आणि ‘राजा इश्तवान’. तिसरा भाग शत्रूच्या नावाचा आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे. सुरुवातीलाच प्रेक्षकांना थेट प्रश्न विचारला जातो की बोल, तू कोणाला निवडशील. आणि हा प्रश्न ज्या देशात विचारला जात होता तिथे मतपत्रिकेवर निवडण्यासारखे फारसे काही नसायचे. त्यानंतर गेझाचा दरबार, गिझेल्लाशी लग्न, गेझाचा मृत्यू, शारोल्तची आणि बिशप आस्त्रिकची राजकारणे, कोप्पान्यच्या छावणीतली तयारी, लढाई आणि राज्यारोहण अशी कथा सरळ पुढे जाते. मध्ये शुर, शोल्त आणि बेशे हे तीन सरदार येतात, ज्यांचे काम वारा कुठून वाहतो ते पाहून पाठ फिरवणे एवढेच आहे. त्यांना विनोदी चाली दिलेल्या आहेत आणि कोणत्याही राजवटीत त्यांचे प्रयोग ताजेच राहतात.

या कलाकृतीचे खरे कौशल्य संगीताच्या वाटणीत आहे. एस्तेरगोमच्या ख्रिस्ती बाजूला लॅटिन स्तोत्रांचा, चर्चमधल्या समूहगायनाचा आणि संथ, चिंतनशील गीतांचा रंग आहे; ‘वेनी लुमेन कॉर्दियुम’ हे लॅटिन समूहगान ऐकताना आपण रॉकच्या प्रयोगाला आलो आहोत हे क्षणभर विसरायला होते. इश्तवानचे सर्वांत हळवे गीत ही देवाला उद्देशून केलेली प्रार्थना आहे, ज्यात तो देव खूप दूरही आहे आणि तरी जवळही आहे असे म्हणतो. विठ्ठलाशी असेच भांडण-आर्जव ऐकत वाढलेल्या कानांना तो सूर अनोळखी वाटणार नाही. याउलट कोप्पान्यच्या छावणीत हार्ड रॉक आहे, ओझे वाहणारा ड्रमचा ठेका आहे, आणि त्याचा शामान तोर्दा, म्हणजे जुन्या धर्माचा मांत्रिक, भसाड्या ब्लूज आवाजात गातो. कोप्पान्यची मुलगी रेका मात्र मनाने ख्रिस्ती झालेली आहे; ती दोन्ही छावण्यांच्या मधोमध उभी आहे आणि तिच्या वाट्याला लोकगीताचा निखळ सूर आलेला आहे. नव्या धर्माची मुलगी सर्वांत जुन्या सुरात गाते, ही योजना मला या सबंध कामातली सर्वांत सूक्ष्म वाटते, कारण धर्म बदलला तरी गळ्यातला सूर बदलत नाही हे एकही शब्द न बोलता तिथे सांगितले जाते.

गायकांची निवडही याच हिशोबाने झाली होती. कोप्पान्य झालेला द्युला विकिदाल हार्ड रॉक बँडमधून आलेला, तोर्दाचा द्युला देआक ‘बिल’ हा ब्लूज बँडचा गायक, आणि कोप्पान्यचा दूत लाबोर्त्स याच्या भूमिकेत होता फेरो नॉद्य, ज्याचा ‘बेआत्रिस’ हा पंक वळणाचा बँड अधिकाऱ्यांच्या त्रासामुळे दोनच वर्षांपूर्वी फुटला होता. बंडखोरांच्या भूमिका खरोखरच्या नकोशा गायकांनी कराव्यात, याचा अर्थ टेकडीवर बसलेल्या तरुणांना वेगळा सांगावा लागला नसेल. रेकाचा आवाज होता लोकगीत गायिका मार्ता शेबेश्त्येन हिचा. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की इश्तवानची भूमिका लास्लो पेल्शोत्सी या नटाने केली आणि गायला मिक्लोश वार्गा, पण विकिदालने अभिनय आणि गाणे दोन्ही स्वतःच केले. हे सोयीसाठीच झाले असेल, पण परिणाम असा झाला की संताचे शरीर एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा, तर बंडखोर मात्र एकसंध.

लाबोर्त्सच्या तोंडी या ऑपेरातला सर्वांत गाजलेला प्रश्न आहे : ज्याला हंगेरियन येत नाही असा देव आपल्याला हवा कशाला? हे ऐकताच मराठी माणसाला एकनाथांचा सवाल आठवेल की संस्कृत देवाने केली, तर प्राकृत काय चोरांनी केली? फरक एवढाच की एकनाथ भक्तीच्या आत उभे राहून भाषेचा हक्क मागतात, आणि लाबोर्त्स भाषेच्या नावाने नव्या देवाला दारातूनच परत पाठवतो. गंमत म्हणजे ऐतिहासिक इश्तवानच्या नावावर असलेल्या, आपल्या मुलाला केलेल्या उपदेशात याच्या नेमके उलट म्हटले आहे : एकच भाषा आणि एकच रीत असलेले राज्य दुबळे आणि ठिसूळ असते, म्हणून बाहेरून आलेल्यांना सन्मानाने ठेव. हा उपदेश ऑपेराच्या कथेनंतरच्या काळातला, पण लाबोर्त्सच्या गाण्यापुढे तो ठेवून वाचला की वादाची दुसरी बाजू दिसते; गाणे अर्थात लाबोर्त्सचेच लक्षात राहते.

शेवटाकडे इश्तवान शांततेचा प्रस्ताव घेऊन कोप्पान्यकडे जातो, पण तोवर उशीर झालेला असतो. लढाईनंतर रेका बापाचे प्रेत मागते. इश्तवानचे मन द्यायकडे झुकते, पण शारोल्त, जी भूमिका काती बेरेक या अनुभवी नटीने भेदक ताकदीने केली, ठामपणे आड येते आणि तुकडे करण्याचा हुकूम निघतो. संताच्या राज्याचा पाया असा घातला जातो, हे नाटक लपवत नाही.

आता हे सरकारने चालू कसे दिले ते पाहू. यानोश कादार १९५६ च्या नोव्हेंबरात, सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतला उठाव चिरडल्यावर सत्तेवर आला होता. उठावाच्या वेळचा पंतप्रधान इम्रे नॉद्य याला १९५८ मध्ये फाशी देण्यात आली. पुढे कादारने पकड हळूहळू सैल केली, दुकानांत माल दिसू लागला, आणि संस्कृतीच्या क्षेत्रात द्योर्द्य आत्सेल याच्या देखरेखीखाली तीन खणांची पद्धत रुळली : काही कलाकृतींना सरकार पाठबळ देई, काहींकडे कानाडोळा करी आणि उरलेल्यांवर बंदी घाली. यातला मधला खणच सर्वांत महत्त्वाचा होता, कारण त्याच्या सीमा कोणी लिहून ठेवलेल्या नव्हत्या. कलावंत त्या चाचपून पाहत, अधिकारी डोळे झाकण्याची किंमत ठरवत, आणि प्रेक्षक ओळींच्या मधले वाचायला शिकत. पेशवाईतल्या कोतवालाच्या नाटकात आजची सत्ता ओळखणाऱ्या मराठी प्रेक्षकाला ही वाचनपद्धती नवी नाही.

टेकडीवरच्या प्रेक्षकांनी जे वाचले ते साधारण असे. परक्या फौजेच्या मदतीने सत्ता घेणारा, प्रतिस्पर्ध्याला संपवणारा आणि मग स्थिर राज्य चालवणारा इश्तवान म्हणजे कादार. जुन्या स्वातंत्र्यासाठी लढून मेलेला, ज्याच्या प्रेतालाही सन्मान मिळाला नाही तो कोप्पान्य म्हणजे इम्रे नॉद्य. हे वाचन सत्तेला सोसण्याजोगे होते, किंबहुना थोडे सुखावणारे होते, कारण त्यातून निघणारा अर्थ असा की बंड मोठ्या मनाचे असले तरी छोट्या देशाला वाचवतो तो तडजोड करणारा वास्तववादी राजा. पण त्याच कथेला दुसरी धार होती. ऐतिहासिक इश्तवानने पूर्वेकडे पाठ फिरवून रोमकडे, पश्चिमेकडे तोंड केले होते आणि १९८३ मध्ये पूर्व म्हणजे मॉस्को. म्हणजे साधनांच्या बाबतीत इश्तवान कादारसारखा आणि दिशेच्या बाबतीत कादारच्या थेट विरुद्ध. सेन्सॉरने कात्री लावायची तर कोणत्या इश्तवानला? मला वाटते, या दुहेरीपणामुळेच ही कलाकृती बंदीच्या खणात गेली नाही.

वातावरणही अनुकूल होत चालले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेला इश्तवानचा म्हणून पूजला जाणारा मुकुट जानेवारी १९७८ मध्ये हंगेरीला परत मिळाला होता आणि तो परत आणल्याचे श्रेय सरकारलाही हवेच होते. दुसरीकडे, २० ऑगस्ट हा संताचा जुना सण १९४९ पासून संविधान दिन आणि नव्या गव्हाच्या पावाचा दिवस म्हणून साजरा केला जात होता. त्याच्या उजव्या हाताच्या अवशेषाची मिरवणूक बंद पडली होती, ती पुन्हा निघाली १९८९ मध्ये. सणाचे नाव बदलले तरी तारीख तीच ठेवली की आठवण पुसायची राहून जाते, आणि ऑपेराचा पहिला प्रयोग त्या तारखेच्या दोनच दिवस आधी ठेवलेला होता.

शेवटी सूर्य उगवल्याचे आणि इश्तवान आमचा धनी असल्याचे समूहगान होते आणि त्यानंतर हंगेरीचे राष्ट्रगीत. हे राष्ट्रगीत फेरेन्त्स क्योल्चेई याने १८२३ मध्ये लिहिलेले असून त्याचा पहिलाच शब्द देव हा आहे. कम्युनिस्ट काळात सरकारी समारंभांत ते बहुधा शब्दांविना, नुसत्या वाद्यांवर वाजवले जाई. टेकडीवर माणसे उठून उभी राहिली आणि गाऊ लागली. या क्षणाविषयी फार भावुक होऊन लिहिले जाते, पण इतके तरी खरे की गाण्याला परवानगी होती, गाणे देशाचे होते आणि ते म्हणताना कोणाला काय वाटले यावर कोणालाच बोट ठेवता येत नव्हते.

१९८५ मध्ये हे नाटक बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात गेले आणि सत्तांतरानंतर १९९० मध्ये मोठ्या क्रीडागारात. २००३ साली ते रुमानियातील चीक्शोम्यो या कॅथलिक तीर्थक्षेत्री, तिथल्या हंगेरियन अल्पसंख्याकांपुढे झाले आणि तिथे साहजिकच त्याचा अर्थ सीमेपलीकडे राहून गेलेल्या लोकांच्या अस्मितेचा झाला. २०१३ मध्ये, तिसाव्या वर्षी, रॉबर्त आल्फोल्दी याने सेगेदच्या खुल्या रंगमंचावर केलेल्या प्रयोगात राष्ट्रीय भारावलेपण बाजूला ठेवून सत्ता माणसांचे काय करते हे दाखवले, आणि त्यावरून प्रेक्षकांत आणि वृत्तपत्रांत कडाक्याचे वाद झाले. तोवर दोन्ही निर्मात्यांच्या वाटाही फुटल्या होत्या : सोरेन्यी प्राचीन मॉद्यार परंपरेच्या आणि राष्ट्रवादाच्या बाजूला सरकले होते, तर ब्रोदी उदारमतवादी राहिले. आपल्याच नाटकातल्या दोन छावण्यांत ते वाटले गेले असे म्हणायचा मोह होतो, पण तेवढे सोपे ते नाही, कारण इश्तवान आणि कोप्पान्य यांपैकी उदारमतवादी कोण हे आजही ठरलेले नाही.

हंगेरियन येत नसताना हे ऐकायचे असेल तर क्रम थोडा बदलावा असे मी सुचवेन. आधी तिसरा भाग ऐकावा, म्हणजे कोप्पान्यची छावणी कानात बसेल. मग इश्तवानची प्रार्थना. त्यानंतर रेकाची गाणी. आणि त्यानंतरच सुरुवातीपासून सलग. कोल्ताईचा चित्रपट त्याच टेकडीवर चित्रित झालेला असल्याने, शक्य असेल तर शेवटची फेरी ध्वनिमुद्रिकेऐवजी चित्रपटावर करावी.